बोट दादाची, ट्रेलर बारक्याचा

आमच्या बाबांना आयुष्यात एकदाच अतिशहाणपणा सुचला, आणि त्यानं आमच्या घराचं वाटोळं केलं. वाटण्या करायची वेळ आली तेव्हा त्यांनी बोट दादाला दिली, आणि ती बोट ज्याच्यावर ठेवून पाण्यापर्यंत न्यायची तो ट्रेलर दिला बारक्याला. मी मधली. मला बोटीतल्या गाद्या. मी म्हटलं, "बाबा, नुसत्या गाद्या घेऊन मी काय करू? त्यांच्यावर बसून तळ्यात तरंगू?" तर म्हणाले, "तू गप गं. तिघांना एकमेकांची गरज पडली पाहिजे. ट्रेलरशिवाय बोट म्हणजे अंगणातली अडगळ, बोटीशिवाय ट्रेलर म्हणजे भंगार. झक मारत एकत्र याल." आणि स्वतःच्याच हुशारीवर खूश होऊन हसले. माणसानं जन्मभर दुसऱ्यांची इंजिनं उघडून बघितली, पण आपल्या पोरांच्या आत काय आहे ते त्याला कधी दिसलं नाही.

बाबा तळ्याच्या धक्क्यावर मेकॅनिक होते. भाड्यानं बोटी देणारा मालक एक जुनी फायबरची बोट भंगारात घालायला निघाला होता, ती बाबांनी मागून घेतली. चार माणसांची, फिकट पिवळी, बाजूनं पांढरा पट्टा, पुढे तिरकी काच, मागे लटकवलेलं इंजिन. ट्रेलर त्यांनी घरीच लोखंड जोडून केला. आधी बोटीच्या तळाच्या आकाराचा प्लायवूडचा फर्मा कापला, आणि त्या फर्म्याबरहुकूम ट्रेलरवरचे दोन लांब लाकडी दांडे तासले. बोट त्या दांड्यांवर बसली की मधून कागद जायचा नाही. बाबा शेजाऱ्यांना बोलावून बोलावून कागद घालून दाखवायचे.

रविवारी आम्ही तिघं तळ्यात. स्टिअरिंग बारक्याकडे. तो सगळ्यात लहान, पण हात असा की बोट त्याचं ऐकायची. दादा सगळ्यात पुढे, बोटीच्या नाकाशी, वाऱ्यात तोंड करून बसलेला. आणि मी मागे, डबडं घेऊन पाणी उपसायला. मुलगी ना! समोरच्या काठाला एकदा बोट टेकवायची आणि वळून परत यायचं, एवढाच खेळ. दादा घरात घुम्या, पण त्या बोटीच्या नाकावर बसला की मोठमोठ्यानं हसायचा. मी त्याला दुसरीकडे कुठे तसं हसताना बघितलं नाही.

दादाचं सगळं आयुष्य एका शेडमध्ये गेलं. शाळा अर्धवट सोडून तो फायबरच्या कारखान्यात लागला. पाण्याच्या टाक्या, न्हाणीघरातले टब, दुकानांच्या पाट्या. साच्यावर काचेच्या धाग्यांची चटई पसरायची, वरून चिकट रेझिन ओतायचं, रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे, सुकलं की साच्यातून उपटायचं. पुन्हा पहिल्यापासून. हाताला खाज, मानेला खाज, रात्री पांघरुणालाही खाज. वहिनी त्याचे कपडे वेगळ्या बादलीत धुवायची आणि वेगळ्या दोरीवर वाळत घालायची. लग्न झालं तेव्हा तिला वाटलं होतं, नवऱ्याला काहीतरी रोग आहे. त्या वासानं आणि त्या पांढऱ्या धुळीनं त्याची छाती हळूहळू खाल्ली. तो मात्र कधी तक्रार करायचा नाही. तक्रार करणं म्हणजे कुणाकडे तरी काहीतरी मागणं, आणि मागायचं म्हटलं की दादाच्या तोंडाला कुलूप.

भांडण झालं ते बाबा गेल्यानंतर लगेचच. बोट ट्रेलरवरच होती, दादाच्या अंगणात. बारक्या नेहमीसारखा आला, ट्रेलर जीपला जोडला आणि मित्रांना घेऊन तळ्यावर गेला. विचारलं नाही. का विचारेल? आजवर कोणी कोणाला विचारलं होतं? पण संध्याकाळी तो परत आला तेव्हा दादाकडे कारखान्यातली माणसं बसली होती, आणि त्यांच्यात कुणीतरी चिमटा काढला होता, काय हो, बोट तुमची आणि मजा धाकट्याची? दादा उठून फाटकात गेला. म्हणाला, "बोट आता माझी आहे. नेताना विचारायची पद्धत असते."

बारक्याचं तोंड लालबुंद झालं. त्यानं ट्रेलर मागे घेतला, पट्टा सोडला आणि बोट सरळ गवतावर घसरवली. नाक दाणकन आपटलं. "मग ट्रेलर माझा आहे," तो म्हणाला, "लागला तर विचारून ने." आणि रिकामा ट्रेलर खडखडवत निघून गेला.

झालं. तेवढंच. कोणी जमीन लाटली नाही, कोणी कोणाला फसवलं नाही. पुढची सगळी वर्षं त्या दोन वाक्यांवर निघाली. दोघांची घरं एकाच रस्त्यावर, एक खाली, एक चढावर. एकमेकांसमोर आले तर दादा चपलेकडे बघायचा आणि बारक्या आभाळाकडे. मधे मी, टपाल्यासारखी. "तुझ्या भावाला सांग." "तुझ्या भावालाच विचार." मी म्हणायची, अरे माझे दोघंही भाऊच आहेत मेल्यांनो, कुठल्या भावाला सांगू! दादानं चार माणसं बोलावून बोट दोन लोखंडी ड्रमांवर उचलून ठेवली, एक ड्रम पुढे, एक मागे. वर ताडपत्री. बारक्याचा ट्रेलर त्याच्या शेडमध्ये, आणि भिंतीवर खिळ्याला बाबांचा फर्मा. तोही ट्रेलरबरोबरच गेला होता. माझ्या गाद्या माझ्या दुकानात. मी स्कूटरच्या सीटा, सोफ्याची कव्हरं, ताडपत्र्या शिवते. गाद्यांचा फोम कुजून गेला, पण त्या मी टाकल्या नाहीत.

मग डॉक्टरनं दादाला सांगितलं, कारखाना बंद. धूळ बंद, रेझिनचा वास बंद. छातीत जे काही शिल्लक आहे ते जपून वापरा. दादानं घरी येऊन जेवण केलं, वामकुक्षी घेतली आणि उठून बोटीवरची ताडपत्री काढली.

वहिनीनं मला बोलावणं पाठवलं. मी गेले तर अंगणभर पांढरी धूळ. दादा तोंडाला फडकं बांधून ग्राइंडरनं बोटीची जमीन कापत होता. आतलं लाकूड काळं ठिक्कर, नख लावलं की भुसा. तळाला बळकटी द्यायला आत फायबरमध्ये गुंडाळलेल्या लाकडी पट्ट्या असतात, त्या सगळ्या सडलेल्या. मागची फळी, जिच्यावर इंजिन लटकतं, ती हातानं ओरबाडून निघत होती. आणि हा माणूस खोकतोय, थांबतोय, परत ओरबाडतोय.

"तुला मरायची एवढी घाई झालीये का रे?" मी ओरडले.

"धूळ मला नवीन आहे का?" तो म्हणाला. "गाद्यांची मापं घे. नव्या शिव."

वहिनी दारातून म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलेलं यांना एका कानानं ऐकू येतं आणि बोटीचं दोन्ही कानांनी." तिनं दोरीवरचे कपडे ओढून काढले आणि पुन्हा धुवायला टाकले. त्या दिवसापासून ती बोटीकडे पाठ करूनच अंगणातून जायची.

मापं घेताना मी त्याला छेडलं. खरं काय ते सांग. आधी उगाच काहीबाही पुटपुटला. मग ड्रमाला टेकून बसला आणि म्हणाला, "मी पुढे बसणार. बारक्या चालवणार. समोरच्या काठापर्यंत जाऊन यायचं, एकदा. मग बोट त्याची."

मी म्हटलं, "अरे मग जा ना! चढावर चौथं घर. जा आणि सांग त्याला."

"मी सांगितल्यावर तो आला तर त्यात काय? ट्रेलर घेऊन स्वतःहून आला पाहिजे." मग माझ्यावर बोट रोखून, "आणि मधले, तू त्याच्याजवळ तोंड उघडलंस, तर तुझं-माझं संपलं."

मी तशीच तणतणत चढावर गेले. बारक्याला एवढंच सांगितलं की दादा बोट दुरुस्त करतोय. त्याला ते आधीच माहीत होतं. रस्त्यावरच्या सगळ्यांनाच ग्राइंडर ऐकू येत होता. शेडमध्ये ट्रेलर विटांवर चढवलेला, चाकं काढलेली, आणि हा शहाणा तारेच्या ब्रशनं गंज खरवडत बसलेला. नवी बेअरिंगं, नवी ग्रीस, स्प्रिंगचे पाटे साफ केलेले. दांड्यांचं लाकूड बदलून फर्मा लावून लावून तासत होता, बाबा तासायचे तसं. डोक्यावर सगळे पांढरे केस आणि नाव अजून बारक्या!

"हे कुणासाठी चाललंय?" मी विचारलं.

"गंजत होता म्हणून."

"दादाला देतोस का?"

"त्याला म्हणावं, एकदा माग. एका शब्दावर दारात आणून उभा करतो." आणि लगेच, "पण तू सांगायचं नाहीस हं, ताई. त्याचं त्याला वाटलं पाहिजे."

दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत असं वाटलं मला. एका आईच्या पोटची पोरं, आणि हट्टही जणू एकाच फर्म्यावरून कापलेला.

आता दादाची चूक सांगते. ती मला तेव्हा कळली नव्हती. आतली जमीन आणि पट्ट्या काढल्या की अशी बोट म्हणजे नुसतं टरफल. ओल्या पुठ्ठ्यासारखी लवते. ज्याच्यावर ठेवाल त्याचा आकार घेते, आणि त्या आकारात आत नव्या पट्ट्या बसवून फायबर चढवलं की तो आकार कायमचा. दादा आयुष्यभर फायबरमध्ये वावरला, पण साच्याच्या आधारानं. कारखान्यात वस्तू सुकेपर्यंत साचा तिला धरून ठेवतो, तिथे लवायचा प्रश्नच नाही. इथे साचा म्हणजे तो ट्रेलर. बोट ट्रेलरवर ठेवून काम केलं असतं तर तळ जागचा हलला नसता. पण ट्रेलर चढावरच्या चौथ्या घरात, आणि बोट दोन ड्रमांवर, मधे अधांतरी. दादानं मधे विटा रचल्या, वर लाकडाच्या पाचरी ठोकल्या. डोळ्यानं बघितलं, ठीक वाटलं. विटा मातीवर होत्या, खचल्या.

मी म्हटलंसुद्धा होतं त्याला, कामापुरता तरी ट्रेलर माग. तेव्हा म्हणाला, "दोन विटा जास्त लावल्या की भागतंय. टाक्या कुणी केल्या जन्मभर, मी की तू?"

काम मात्र त्यानं जीव ओतून केलं. सकाळचा थोडा वेळ करायचा आणि मग दुपारभर खाटेवर पडून श्वास गोळा करायचा. नव्या पट्ट्या, नवी जमीन, मागची फळी जाड प्लायची, तिच्यावर फायबरचे थर. बाहेरून पाण्याच्या पॉलिश-पेपरनं घासून घासून पिवळा रंग चढवला. पांढरा पट्टा वाकडा जाऊ नये म्हणून श्वास रोखून मारायचा आणि मग किती वेळ खोकत बसायचा. इंजिन धक्क्यावरच्या मेकॅनिककडून उघडून घेतलं. मी गाद्या शिवल्या, पिवळ्याला शोभतील अशा पांढऱ्या, कडेनं दुहेरी शिलाई. स्क्रूनं आत बसवून दिल्या. बोट अशी चकाकायला लागली की रस्त्यावरून जाणारे थांबायचे. आणि दादा अंगणात खुर्ची टाकून चढावाकडे बघत बसायचा. काम संपलं होतं. आता फक्त ट्रेलर यायचा होता, आणि ट्रेलर येत नव्हता.

त्याचा आवाज बसत चालला. अंगणातून ओट्यापर्यंत यायचं तर मधे थांबायला लागायचं. वहिनी रोज बघत होती. शेवटी एका सकाळी तिनं चपला घातल्या, मला सोबत घेतलं, आणि जिनं त्या बोटीला एकदाही हात लावला नव्हता ती चढ चढून बारक्याच्या दारात उभी राहिली.

"भावजी," ती म्हणाली, "ट्रेलर द्या. मी मागायला आलेय."

बारक्या गडबडला. "दादानं पाठवलं?"

वहिनीनं पदरानं तोंड पुसलं फक्त. बारक्याला हवं होतं ते त्यानं त्यात ऐकून घेतलं. डोळे पाण्यानं भरले त्याचे. मी मधे बोलणार होते, पण वहिनीनं माझं मनगट असं आवळलं की मी मूग गिळून गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी बारक्या जीपला ट्रेलर जोडून फाटकात हजर. दादा खुर्चीतून उठला. त्याला वाटलं, भाऊ स्वतःहून आला. बारक्याला वाटलं, दादानं मागितलं. दोघंही जिंकले होते! असे हसत होते एकमेकांकडे बघून की मला वाटलं, मेलं खोटं तर खोटं, चालू दे.

शेजारची चार माणसं धरून बोट ट्रेलरवर घेतली. बारक्या खाली वाकून पट्टा आवळत होता, तो एकदम थांबला. मला खूण केली. मी वाकून बघितलं. बोट दांड्यांवर मधेच टेकली होती. मागे, इंजिनाच्या खाली, दांडा आणि तळ यांच्यामधून बारक्याचा अख्खा हात आत गेला. जिथे बाबा कागद घालून दाखवायचे तिथे.

"तळ मधून खाली आलाय," तो कुजबुजला. "ड्रमवर केली ना त्यानं... ही आता सरळ धावायची नाही, ताई."

"बोलायचं नाही," मी म्हटलं. "तुला शप्पथ आहे."

"नाही बोलत." आणि खरंच, त्यानं हसत वर बघितलं आणि म्हणाला, "दादा, मस्त बसलीये."

तळ्यावर वारा नव्हता. वहिनी काठावर थांबली. दादा पुढे, बोटीच्या नाकाशी, माझ्या पांढऱ्या गादीवर. बारक्या स्टिअरिंगला. मी मागे, आणि सवयीनं डबडंही बरोबर घेतलं होतं. पण पाण्याचा थेंब आत आला नाही. इंजिन गुरगुरलं आणि बोट धक्क्यावरून सुटली. सावकाश, छान चालली होती. दादानं मागे वळून बघितलं आणि हसला, तसंच, लहानपणीसारखं, फक्त आवाज नव्हता. मला वाटलं, आता काही झालं तरी चालेल.

मग त्यानं हात वर केला. "दाब!"

बारक्या म्हणाला, "अशीच बरी आहे रे."

"अरे दाब की! काय धक्का मारत न्यायचीये का?"

बारक्यानं दाबलं. बोटीनं नाक वर उचललं आणि धाडकन आपटलं. परत उचललं, परत आपटलं. वेग वाढला तशी जास्तच. घोड्यावर बसवल्यासारखा दादा उडत होता, कडेला घट्ट धरून, आणि प्रत्येक आपटीबरोबर त्याचा श्वास तुटत होता. बारक्यानं इंजिन कमी केलं. बोट शांत झाली. समोरचा काठ अजून निम्म्या अंतरावर होता.

दादा खोकून खोकून मोकळा झाला. जन्मभर फायबरमध्ये राबलेला माणूस तो, त्याला काय झालं ते कळलं नसेल असं नाही. मी त्याचा चेहरा बघितला, कळलं होतं. पण तोंडातून निघालं ते हे, "नीट चालव की. हात गेला वाटतं तुझा."

बारक्यानं ओठ चावला. मी त्याच्या पाठीत बोट खुपसलं. गप्प बस, गप्प बस.

"स्टिअरिंग धरता येईना झालंय," दादा म्हणाला. "ट्रेलर ओढून हात जड झाले."

"हात नाही गेला माझा," बारक्या म्हणाला. "तुझा तळ गेलाय. ड्रमवर ठेवून करतात का हे काम? माझ्याकडे ट्रेलर होता, फर्मा होता. का नाही मागितलास?"

"तू का नाही आणून दिलास?"

"तेव्हाच मागायचास. आता बोट बिघडवून ठेवल्यावर वहिनीला पाठवलंस मागायला!"

दादा वळला. "कुणाला पाठवलं?"

इंजिन नुसतं पुटपुटत होतं.

"मी नाही कुणाला पाठवलं," दादा म्हणाला. "तू... तू स्वतःहून नाही आलास?"

"तू मागितलं नाहीस?"

मी म्हटलं, "अरे काय फरक पडतो आता! समोर काठ आहे. हळूहळू जाऊ. टेकवा आणि चला." कुणाला सांगत होते मी! दादानं तोंड फिरवलं आणि पाण्याकडे बघत बसला. बारक्यानं स्टिअरिंग वळवलं. बोट परत फिरली, अगदी सावकाश, आणि काठ येईपर्यंत मला फक्त दादाचा श्वास ऐकू येत होता.

धक्क्यावर दादा माझ्याकडे बघून म्हणाला, बारक्या हाताच्या अंतरावर उभा असताना, "तुझ्या भावाला सांग, बोट होती तशी ड्रमवर ठेव. आणि ट्रेलर घेऊन जा म्हणावं."

वहिनीनं आमचे चेहरे बघितले आणि काय ते समजली. घरी जाईपर्यंत ती एकच वाक्य बोलली. "एकदा गेले मागायला. परत नाही जाणार."

त्यानंतर बारक्या ट्रेलर शेडमध्ये घेऊन गेला नाही. दादाच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे, लावून ठेवला. दादाच्या खाटेवरून खिडकीतून नेमका दिसायचा. बारक्या येता-जाता तिथे थांबायचा, चाकाला उगाच लाथ मारून बघायचा, पट्टा आवळायचा, सोडायचा. हाक यायची वाट बघत असायचा. आत दादा खिडकीकडे तोंड करून पडलेला. मी म्हणायची, "हाक मार ना रे. ट्रेलरवर ठेवून तो सगळं काम पुन्हा करेल म्हणतोय, सरळ होईल बोट." दादा म्हणायचा, "रस्ता काही कुणी अडवलेला नाही. यायचं तर येईल." आणि बारक्याला विचारलं की, "बोलावू दे की." रस्ता ओलांडायला कितीसा वेळ लागतो? मी दोघांना नाही नाही ते बोलले. शिव्यासुद्धा दिल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

दादा गेला तो तसाच, खिडकीकडे तोंड करून. त्या दिवशी बारक्यानं रस्ता ओलांडला. कुणी हाक न मारता.

सगळं आटोपून लोक आपापल्या घरी गेल्यावर एका सकाळी बारक्या जीप घेऊन आला. फाटकातच थांबला. म्हणाला, "ताई, बोट नेतो. ट्रेलरवर ठेवून सगळं परत उकलतो. फर्म्यावर घेऊन तळ सरळ करतो. दादाला हवी होती तशी." मग अडखळला. फाटकाची कडी हातात धरून नुसताच उभा. "पण नेऊ का म्हणून आता विचारू कुणाला गं?"

मला रडू यायला हवं होतं. पण माझ्या तोंडातून निघालं, "विचार त्या ड्रमांना."

आतून वहिनी म्हणाली, "न्या. माझ्या डोळ्यासमोरून एकदाची जाऊ दे." आणि आत निघून गेली. दोरीवर दादाचे कपडे नव्हते. नुसती दोरी.

माणसं आली, बोट ट्रेलरवर चढली. मागे तीच फट, हात जाईल एवढी. बारक्या पट्टा आवळायला लागला तेव्हा मला आठवला तो तळ्याच्या मध्यावरचा क्षण. मी शप्पथ घातली होती ह्याला. एक वाक्य गिळलं असतं तर दादा समोरच्या काठापर्यंत जाऊन आला असता, हसत. सगळं अंग पेटलं माझं. मी घरातून स्क्रू-ड्रायव्हर आणला, बोटीत चढले आणि गाद्यांचे स्क्रू काढायला लागले.

"हे काय करतेस ताई?"

"ह्या माझ्या. बाबांनी मला दिल्यात."

"अगं, पण बोटीला लागतील ना..."

"लागतील तेव्हा येऊन माग."

तो बघतच राहिला माझ्याकडे. मग जीपमध्ये बसला आणि चढावर निघून गेला.

गाद्या माझ्या दुकानात फळीवर आहेत, पांढऱ्या, दुहेरी शिलाईच्या. त्याच्या शेडमधून ग्राइंडरचा आवाज येतो, म्हणजे काम चाललंय. येता-जाता तो दुकानापाशी रेंगाळतो, फळीकडे बघतो आणि पुढे जातो. मीही मशीनवरून मान वर करत नाही. मागू दे की त्याला. एका शब्दावर देईन.